रस्त्यापलीकडची पंगत

काल कुलरवाला येऊन गेला. त्याने जाळ्या उचकटून गेल्या वर्षीचं काळं पडलेलं गवत बाहेर काढलं, नवा वाळा भरला, टाकीत पाणी सोडलं आणि बटण दाबलं. आधी नुसती धूळ आली. मग तो ओला, मातकट, गार वास घरभर पसरला. वर्ध्यात उन्हाळा लागल्याचं आम्हाला हा वासच सांगतो. तुमच्या आजोबांनी कुलरसमोर खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता पाऊस पडेपर्यंत मला उठवू नका."

मी मात्र स्वयंपाकघरात निघून गेले. या वासात मला फार वेळ उभं राहवत नाही. साथीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या पिपरी मेघेच्या गल्लीत दिवसभर दुसरा कसला आवाजच नव्हता. रिक्षा नाही, भाजीवाली नाही, शाळेची घंटा नाही. बंद खिडक्यांमागे फक्त कुलर घरघरत असायचे. सकाळी पाण्याची मोटर लावायला बाहेर आलं की कान आपोआप मोजणी करायचे. एखाद्या घराचा कुलर गप्प असला की समजायचं, त्या घरातून कुणालातरी रात्रीतून नेलं आहे. मग कुणाला नेलं हे विचारायचा धीर होत नसे.

इरा, नील, परवा फोनवर नीलने विचारलं, "आजी, तेव्हा तू काय करत होतीस? आमच्या शाळेत सगळ्यांनी आपापल्या आजीला विचारायचं आहे." मी म्हटलं, "स्वयंपाक करत होते." तो हिरमुसला. त्याला काहीतरी मोठं हवं होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमची आई वाचून दाखवेल, आणि वऱ्हाडी बोलणं आलं की तिला हसू येईल, तेव्हा तिच्याकडून अर्थ समजून घ्या. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवल्यामुळे मला प्रत्येक गोष्ट सुरुवात, मध्य, शेवट अशी मांडायची सवय आहे. हा उन्हाळा मात्र तसा आठवत नाही. त्याचे तुकडे आठवतात.

एक तुकडा वासाचा. उकळत्या पाण्यात टाकलेल्या कापडी पिशव्यांचा वास. कॉलनीतल्या देवळामागे जे सभागृह आहे, जिथे इरा एकदा घसरून पडली होती, तिथे आम्ही बायकांनी चुली मांडल्या होत्या. आम्ही म्हणजे तिथल्या भजनी मंडळाच्या बायका. टाळ-पेटी कपाटात गेली आणि त्या जागी पातेली आली. ज्या घरात सगळे आजारी, ज्या घरात म्हातारी माणसं एकटी, जिथे करणारी बाईच दवाखान्यात, अशा घरांना दोन वेळचा डबा. पिशवी फाटकाला टांगायची, बेल दाबायची, मागे सरायचं. रिकामी पिशवी चिमट्याने उचलायची आणि आली की उकळत्या पाण्यात. पथ्याच्या डब्याला लाल दोरा, बाकीच्यांना पांढरा. ही सगळी व्यवस्था माझी. लग्नाकार्यातले स्वयंपाक करणारी सिंधू आमची मुख्य आचारी होती. ती माझ्याकडे पाहून म्हणायची, "काकू, हे सैपाकघर हाय का तुमचं कॉलेज? आता वरणाले बी परीक्षेले बसवता काय?"

"बसवीन," मी म्हणायची. "मीठ जास्त झालं की नापास."

हसायचो आम्ही. हे आता सांगताना विचित्र वाटतं, पण हसायचो. भाकरी थापताना हसायचो आणि रुग्णवाहिकेचा आवाज आला की सगळ्यांचे हात एकदम थांबायचे. आवाज कुठल्या गल्लीत वळतो ते ऐकायचो. मग पुन्हा थापट्या सुरू.

भाजीची कधी चिंता पडली नाही, कारण नामदेवभाऊ होते. कॉलनी संपते, तिथे कच्च्या रस्त्याला लागून त्यांचं घर आणि घरामागे विहिरीवरची वाडी. त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या त्याच मातीत भाजी काढून वर्ध्याच्या बाजारात विकली. बाजार बंद झाला तेव्हा ते पहिल्याच दिवशी मोपेडवर दोन्हीकडे पोती लादून सभागृहाच्या फाटकाशी हजर. मी म्हटलं, "भाऊ, इतकी भाजी कशाला?" तर म्हणाले, "बाजार बंद हाय हे मले समजते जी. पण वेलाले कोण सांगन?"

मग रोज सकाळी ते येत राहिले. बरबटीच्या शेंगा, भेंडी, चवळीचा पाला आणि ढेमसं. तुम्हाला ढेमसं माहीत नाही. उन्हाळ्यात येणारी गोल, हिरवी, पाणचट चवीची फळभाजी, जी आजोबांनी लग्नापासून आजवर एकदाही आनंदाने खाल्लेली नाही. नामदेवभाऊंना हे ठाऊक होतं. फाटकाबाहेरून ओरडायचे, "सरांसाठी खास कोवळं ढेमसं आणलं, म्हणा!" आणि मोपेड वळवताना खांदे हलवत हसायचे. पोत्याच्या तळाशी सांबाराची जुडी असायची, म्हणजे तुमची कोथिंबीर, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ती वच्छलाबाईंनी, त्यांच्या बायकोने, स्वतः गुंडाळलेली. वच्छला सकाळी वाडीत तोडणीला असायची, ती कधी सभागृहाकडे आली नाही. पण त्या फडक्याच्या गाठीवरून आम्हाला रोज भेटायची.

एका सकाळी मोपेड आली नाही.

पुढचं फार लवकर झालं. नामदेवभाऊंना दवाखान्यात नेलं, खाट मिळाली, आणि तिथून ते परत आले नाहीत. वच्छलाला त्यांचं तोंडही पाहता आलं नाही. अंत्यविधी दवाखान्याच्या माणसांनी केला. तपासणीत तीही बाधित निघाली, म्हणून ती घरातच बंद. मुलगा प्रवीण हैदराबादला, तोही तापाने फणफणलेला, एका खोलीत कोंडलेला. नातेवाईक केळझरला होते, पण त्यांच्याही घरात आजार. तिला भेटायला कुणीच येऊ शकत नव्हतं.

त्याच दिवसापासून आमची पिशवी तिच्या फाटकाला टांगली जाऊ लागली. लाल दोऱ्याची. पहिल्या दिवशीची पिशवी दुसऱ्या दिवशी तशीच होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. आम्ही समजून घेतलं. नवरा गेलेल्या बाईच्या घशाखाली घास कसा उतरेल? दुसऱ्या दिवशी मऊ खिचडी पाठवली. तीही तशीच. मग कुणी म्हणालं, तिला गोड आवडतं, म्हणून तुपातला शिरा केला. शिऱ्याची पिशवी उन्हात लोंबकळत राहिली. सुतकाच्या घरी शिरा पाठवला आम्ही, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. आम्ही आजाऱ्याचा डबा पाठवत होतो.

प्रवीणचा फोन मला यायचा. खोकल्याने बोलता येत नसे. "काकू, माय जेवली काय?" एवढंच विचारायचा.

गल्लीत औषधं वाटत फिरणारी आशाताई एक दिवस दुपारी सभागृहाच्या दाराशी थांबली. चेहऱ्यावर मास्क, त्यावर प्लास्टिकची काच, आत घामाच्या धारा. म्हणाली, "काकू, मी वच्छलाबाईले गोळ्या देल्ल्या. पण उपाशीपोटी गोळ्या कशा लागू पडतीन? लय गळून गेल्या. आज भिंतीले धरून दारापर्यंत आल्या. असंच राह्यलं तर भरती कराव लागन, अन् खाट कुठीच नाई."

आता प्रश्न दुःखाचा उरला नव्हता. ती जेवली नाही तर तीही जाणार, हे आमच्यापैकी प्रत्येकीला कळलं. सिंधूने हातातला झारा खाली ठेवला. "मी जातो," ती म्हणाली. "बोलल्याबिगर काय समजणार हाय?"

मीही निघाले. आजोबांनी त्या दिवसांत मला फाटकाबाहेर पाऊल टाकायला बंदी केली होती, आणि मी रोज टाकत होते, हा आमच्या घरातला वेगळा विषय. कच्च्या रस्त्याच्या या बाजूला मोठा कडुलिंब आहे. त्याच्या सावलीत आम्ही उभ्या राहिलो. सिंधूने हाक मारली. बऱ्याच वेळाने वच्छला ओसरीवर आली आणि खांबाला टेकून खालीच बसली. केस सुटलेले, कपाळ मोकळं. मी तिला ओळखलं नाही.

"काऊन खाऊन नाई राह्यली वो?" सिंधू ओरडली. "रोजचा डबा तसाच. मुंग्याइले जेवू घालतं काय?"

वच्छलाने फाटकावरच्या पिशवीकडे पाहिलं. मग हळू, पण स्पष्ट म्हणाली, "गेटाले टांगलेलं खाऊ काय मी?"

"मंग काय झालं? सारेच खाऊन राह्यले."

"साऱ्याइच्या घरचं मानूस गेलं काय?" तिचा आवाज चढला. "कडू घास देल्ला काय मले कोणं? त्याच्या नावाचा घास घेतल्याबिगर मी पोळी तोडू? असं तर कुत्र्याले टाकते लोक, अन् मागं सरते."

सिंधूने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. आम्हाला वाटत होतं, ती दुःखाने खात नाही. ती खरं तर वाट पाहत होती.

मुलांनो, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमच्याकडे माणूस गेला की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरे जेवण घेऊन येतात. बिनफोडणीचं वरण, भाकरी, आणि ताटाच्या कडेला कडुलिंबाचं पान. त्याला कडू घास म्हणतात. माझं माहेर आष्टीचं. मी लहान असताना माझे आजोबा गेले, तेव्हा आमच्या ओसरीवर अशी पंगत बसलेली मला आठवते. माझी आजी ताटासमोर मान खाली घालून बसली होती. आणलेलं अन्न सगळ्यांना वाढलेलं होतं, पण कुणी ताटाला हात लावत नव्हतं. वारा येत होता, भाकरी वाळत होती. मला भूक लागली होती, म्हणून मी हात पुढे केला, तर काकूने माझं मनगट धरलं. आजीने घास तोंडात घातला, आणि मगच सगळ्यांचे हात हलले. तुझं दुःख आहे तोवर आम्हीही उपाशी, एवढंच त्या पंगतीला सांगायचं असतं. त्यात बोलावं लागत नाही, म्हणून ते बहुतेक टिकलं असावं.

आम्ही तिला पौष्टिक, स्वच्छ, वेळेवर अन्न पाठवत होतो. त्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीत कुणी उपाशी झोपलं नाही, हे मी आजही ताठ मानेने सांगते. ती पिशव्यांची शिस्त नसती तर आमच्यातल्याच चारजणी आणखी आडव्या झाल्या असत्या. तरीही अन्न पोचवणं आणि जेवू घालणं यांत फरक आहे. एरवी तो दिसत नाही.

तो फरक मला अजूनही अधूनमधून दिसतो. आमच्या मागच्या ओळीतले एक निवृत्त अधिकारी त्या काळात बरेच दिवस आमच्या डब्यावर होते. आता फिरायला निघाले की मला पाहून रस्ता ओलांडतात. मला आधी राग यायचा. सिंधू म्हणाली, "राग कायले करता काकू? लाज वाटते त्याले. आपण टांगलेलं खाल्लं नं त्यानं." सभागृहात आता वाढदिवस होतात. भिंतीवर फुगे, कानठळ्या बसवणारी गाणी. ती मोठी पातेली लग्नाला भाड्याने जातात. कुणी त्या दिवसांबद्दल बोलत नाही. मला वाटतं, ज्यांनी दिलं त्यांनाही थोडं अवघडल्यासारखं होतं आणि ज्यांनी घेतलं त्यांनाही. शेजाऱ्याला शेजारी म्हणून जेवू घातलं असतं तर असं अवघडलं असतं का?

वच्छलाशी बोलणं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूने वेगळी चूल मांडली. वरण शिजवलं, फोडणी दिली नाही. भाकरी केल्या. आम्ही त्यावर वाद घातला, तो काही लहान नव्हता. एकीचं म्हणणं, तिच्या ओसरीवर बसायला हवं, तोंडाला बांधून. मी नाही म्हटलं. आशाताईनेही हात जोडले. मग लिंबाखाली बसायचं ठरलं. मध्ये पूर्ण रस्ता. कुणी कुणाला शिवणार नाही, पण पंगत तिला दिसेल.

भर दुपारी आम्ही गोणपाटं अंथरून, एकमेकींपासून लांब लांब बसलो. प्रत्येकीसमोर ताट. सिंधू एकटी पलीकडे गेली, वच्छलाच्या बुटक्या कुंपणाच्या भिंतीवर ताट ठेवलं, झाडावरून तोडलेलं लिंबाचं पान त्यावर ठेवलं आणि हाक मारली, "वच्छलाबाई, नामदेवभाऊच्या नावानं आणला वो. घे." मग मागे येऊन आपल्या ताटाशी बसली.

वच्छला ओसरीवर आली. आम्हाला पाहून तिथेच थबकली. भिंतीपर्यंत यायला तिला किती वेळ लागला सांगता येत नाही. ताट उचलून ती परत ओसरीवर गेली, मांडी घालून बसली. ताट समोर ठेवलं. आणि नुसती बसून राहिली.

आम्हीही बसलो.

ऊन कसं असतं ते तुम्हाला शब्दांत सांगणं मला जमणार नाही. सावलीतही वारा भट्टीतून आल्यासारखा. ताटाच्या कडा तापल्या. वरणावर साय धरली, त्यावर धूळ. लिंबाचा बारीक मोहोर टपटप ताटात पडत होता. माझे गुडघे आधी दुखले, मग बधिर झाले.

"जा नं वो घरी," वच्छला तिकडून म्हणाली. "ऊन लागन तुम्हाले."

"लागू दे," सिंधू म्हणाली.

"काकू, तुम्ही तरी जा. तुमचं वय हाय काय हे?"

"तू सुरू कर," मी म्हटलं. "मग जाते."

तिने मान खाली घातली.

एवढ्यात पोलिसाची मोटारसायकल आली. तरुण शिपाई, डोळे उन्हाने लाल. "काय मावशी? पंगत बसवली काय? जमावबंदी हाय, माहीत नाई? उठा, उठा."

"उठतो नं साहेब," सिंधू जागची न हलता म्हणाली. "ते जेवली का उठतो."

"कोण जेवली का?"

सिंधूने ओसरीकडे बोट दाखवलं. शिपायाने तिकडे पाहिलं. मोकळं कपाळ, समोर न शिवलेलं ताट. मग आमच्या सगळ्यांच्या न शिवलेल्या ताटांकडे पाहिलं. तो इथलाच होता. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने गाडी बंद केली, टोपी काढून काखेत धरली, आणि झाडापासून दूर, उन्हातच उभा राहिला.

रस्त्याच्या वळणावर आणखी कुणीतरी येताना दिसलं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची, काखेत ताट. आजोबा. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर ओरडणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांत शेवटी, अंतर ठेवून खुर्ची उघडली, ताट मांडीवर घेतलं. सिंधूने उठून त्यांच्या ताटात लांबूनच भाकरी टाकली. मग ते ओसरीकडे पाहून मोठ्याने म्हणाले, "वच्छलाबाई, नामदेवचं ढेमसं मी कधी आवडीनं खाल्लं नाही. आज असतं तर खाल्लं असतं."

वच्छलाने पदर तोंडाशी धरला. तिचे खांदे हलू लागले. नवरा गेल्यापासून ती रडली होती की नाही, आम्हाला माहीत नव्हतं. रडायला समोर माणूसच नव्हता. आता ती रडली, आणि आम्ही कुणी उठलो नाही, कुणी "रडू नको" म्हटलं नाही, कारण जवळ जाऊन पाठीवर हात ठेवता येत नव्हता आणि दुरून तसं म्हणणं बरं दिसलं नसतं. शिपायाने तोंड वळवलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. ताटातलं लिंबाचं पान उचललं, तोंडात घातलं. चावलं. तिचा चेहरा कडूपणाने आक्रसला. मग भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. तो हातात धरून एकदा रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, जिथून मोपेड यायची. आणि खाल्ला.

आमच्यात कुणीतरी श्वास सोडला. सिंधूने आपल्या ताटाला हात लावला. मग आम्ही सगळ्यांनी. भाकरी कडक झाली होती, वरणात मीठ जास्त होतं, दातांखाली धूळ कचकचत होती. मी ताटात काही ठेवलं नाही. पलीकडे वच्छला घास घेत होती, थांबत होती, पुन्हा घेत होती. अर्धी भाकरी तिने खाल्ली. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आशाताईने दिलेली गोळी पुडीतून काढून गिळली.

सुतकाच्या घरून निघताना "येते" म्हणायचं नसतं. पुन्हा अशा कारणाने येणं होऊ नये, म्हणून. निरोप घ्यायचा नसतो, मागे वळून पाहायचं नसतं. उठायचं आणि चालू लागायचं. तुमच्या देशात हे कदाचित उद्धटपणाचं वाटेल. आम्ही गोणपाटं झटकली, ताटं एकावर एक ठेवली. आजोबांनी खुर्चीची घडी घातली. शिपायाने गाडी सुरू न करता ती ढकलत थोडी पुढे नेली. कुणी काही न बोलता आम्ही त्या पांढऱ्या उन्हात रस्त्याने निघालो.

वळणाशी पोचायच्या आत मागून वच्छलाचा आवाज आला. घोगरा, पण मोठा.

"सिंधे! उद्या येजो वो."

सिंधू वळली नाही. चालता चालता तिने ताटांचा ढीग एका काखेत सरकवला आणि मोकळा झालेला हात डोक्यावर उंच धरला. गल्ली संपेपर्यंत तो तिने खाली घेतला नाही.